मोकळ्या प्लॉटांचा नकाशा

जालना रोडवरून चिकलठाणा एमआयडीसीत आत वळलं की पत्ता विचारायची रीत बदलते. गावात आपण विचारतो, "अमक्यांचं घर कुठं?" इथं रिक्षावालाच उलट विचारतो, "ब्लॉक कोणता? प्लॉट नंबर सांगा." कंपनी विकली जाते, शेडवर नवी पाटी लागते, गेटवरचा वॉचमन बदलतो. नंबर तोच राहतो. एखाद्या प्लॉटवर नुसती वेडी बाभूळ माजलेली असली, तरी नकाशात त्याला नंबर असतो आणि शेजारीही ठरलेले असतात. म्हणजे कारखाना उभा राहायच्या आधीच त्याचा पत्ता तयार असतो.

रसायनशास्त्रात असाच एक नकाशा १८६९ साली रशियात तयार झाला. तो आखणाऱ्याने काही प्लॉट मुद्दाम मोकळे सोडले, आणि पुढच्या १७ वर्षांत त्यातल्या तीन प्लॉटांचे मालक खरोखरच सापडले. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात दुसराच धडा 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा आहे. त्यात डोबेरायनर, न्यूलँड्स आणि मेंडेलीव्ह भेटतात; त्यांचे 'गुण व दोष' पाठ करून मुलं पुढच्या धड्याकडे वळतात. पण या तिघांपुढचा खरा प्रश्न होता तो पत्ता कशावरून ठरवायचा हा. तो प्रश्न आजही चिकलठाण्यातल्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळेत रोज एकदा तरी डोकं वर काढतो. तिथपर्यंत जायला जरा लांबून यावं लागेल.

माणसाला काही मूलद्रव्यं फार जुन्या काळापासून माहीत होती. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं आणि पारा हे सात धातू, शिवाय गंधक आणि कोळशातला कर्ब. जस्तात भारत पुढे होता. जस्त तापवलं की वितळून त्याची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून राख होते. म्हणून बंद मुशीत ती वाफ खाली उतरवून थंड करावी लागते. ही कृती 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात आहे, आणि राजस्थानातल्या झावर इथं तशा भट्ट्यांचे अवशेषही मिळाले आहेत. आपल्या शहरात आजही दिसणाऱ्या बिदरी कामाचा पाया हेच जस्त: जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यावर कोरलेली नक्षी आणि नक्षीत ठोकून बसवलेली चांदीची तार. पण हे कारागीर असोत की रसशास्त्री, यातलं मूळ द्रव्य कोणतं आणि मिश्रण कोणतं, अशी वेगळी यादी कुणी केलेली नव्हती.

ती यादी १७८९ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिएने केली. ज्याची आणखी फोड करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्याची साधी कसोटी. यादीत ३३ नावं होती आणि त्यात प्रकाश व उष्णताही होत्या! चुका होत्या, पण कसोटी बरोबर होती. पुढे विजेचा घट हाती आल्यावर हम्फ्री डेव्हीने १८०७ साली सोडियम आणि पोटॅशियम सुटे केले. १८६० च्या सुमारास वर्णपटदर्शक आला आणि ज्योतीच्या रंगरेषांवरून सीझियम व रुबिडियम सापडले. यादी साठीच्या आसपास गेली. भाडेकरू वाढत होते, पण वसाहतीला नकाशा नव्हता.

शेजार कसा लावायचा याचा पहिला धागा जर्मनीच्या डोबेरायनरला मिळाला. १८२९ साली त्याने तीन-तीन भावंडांचे गट मांडले. लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९. दोघांची सरासरी २३, आणि नेमका तोच सोडियमचा अणुभार. तिघांचा स्वभावही एक: पाण्यात टाकले की सळसळतात, मऊ इतके की सुरीने कापता येतात. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे दुसरं त्रिक. मात्र उरलेली बहुतेक मूलद्रव्यं अशा तिघांत बसेनात.

मोठी अडचण वजनांचीच होती. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नसे, तसं एका रसायनशास्त्रज्ञाचा ऑक्सिजन ८ चा, तर दुसऱ्याचा १६ चा. त्यामुळे पाण्याचं सूत्रही दोन तऱ्हांनी लिहिलं जाई. हा गोंधळ मिटवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले. इटलीच्या कानिझारोने अणुभार नीट कसे काढावेत ते पटवून दिलं. परिषद संपताना त्याची पुस्तिका वाटली गेली. ऐकणाऱ्यांत २६ वर्षांचा रशियन दिमित्री मेंडेलीव्ह होता आणि जर्मनीचा लोथार मायरही होता. मापं एक झाल्यावर नकाशा आखण्याची चढाओढ लागली.

लंडनच्या जॉन न्यूलँड्सने १८६५ साली मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली आणि त्याला सप्तक ऐकू आलं. सा पासून निघालं की सात स्वरांनंतर आठवा पुन्हा सा. तसंच लिथियमपासून आठवं मोजलं की सोडियम, सोडियमपासून आठवं पोटॅशियम. कॅल्शियमपर्यंत ही सुरावट छान चालली. पुढे मात्र सूर लावण्यासाठी ओढाताण सुरू झाली. कोबाल्ट आणि निकेल हे धातू क्लोरीन-ब्रोमीनच्या रांगेत एकाच घरात कोंबावे लागले. मोकळी जागा सोडायची म्हणजे आपलं अज्ञान कबूल करायचं, असं त्याला वाटलं असेल. त्याने सगळी घरं भरून टाकली. १८६६ साली केमिकल सोसायटीत हे मांडलं तेव्हा प्रोफेसर फॉस्टर यांनी खोचकपणे विचारलं, की अक्षरानुक्रमे लावून पाहिलंत का? हशा पिकला. सोसायटीने लेख छापला नाही. तरी सूर खरा होता, आणि रॉयल सोसायटीने १८८७ मध्ये त्याला डेव्ही पदक देऊन ते मान्य केलं.

मेंडेलीव्ह सायबेरियातल्या टोबोल्स्कचा. घरात भावंडं ढीगभर. वडिलांची दृष्टी गेल्यावर आईने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळलं. तो कारखाना जळाला, तेव्हा तिने या धाकट्याला शिकवायला हजारो किलोमीटर पार करून सेंट पीटर्सबर्ग गाठलं. १८६९ मध्ये तो तिथंच प्राध्यापक होता आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला खंड संपला, पण त्यात मूठभर मूलद्रव्यंच झाली. उरलेली पन्नासहून अधिक मूलद्रव्यं कोणत्या क्रमाने घ्यायची? अडचण शिकवणाऱ्या माणसाची होती. त्या दिवसांत तो चीज बनवणाऱ्या डेअऱ्या पाहायला जाणार होता. त्या आमंत्रणाच्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच अणुभारांची जुळवाजुळव केलेली त्याच्या हातची टिपणं जपलेली आहेत. तारीख १७ फेब्रुवारी १८६९. आपल्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च.

ओळखीची ६३ मूलद्रव्यं त्याने अणुभाराच्या क्रमाने लावली आणि स्वभाव जुळणारी एका रांगेत आणली. नियम हाच, पण हट्ट नाही. टेल्युरियमचा अणुभार १२८, आयोडीनचा १२७. म्हणजे आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीनचा स्वभाव क्लोरीन-ब्रोमीनचा. मेंडेलीव्हने ते त्याच रांगेत बसवलं आणि टेल्युरियमचं वजन कुणीतरी चुकीचं काढलंय असं ठरवलं. जागा बरोबर होती, कारण चुकीचं होतं. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

आणि त्याने मोकळे प्लॉट सोडले. ॲल्युमिनियमच्या खाली, बोरॉनच्या खाली आणि सिलिकॉनच्या खाली कुणी बसत नव्हतं. बळेच कुणाला तिथं न कोंबता त्याने शेजाऱ्यांवरून त्या घराचा राहणारा कसा असेल ते लिहून टाकलं. नावंही दिली, आणि ती आपल्या पाढ्यातली: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. 'एक' म्हणजे त्याच्या पुढचं एक घर, 'द्वि' म्हणजे दोन. पाणिनीच्या व्याकरणाचं संपादन करणारे ओटो ब्योटलिंक त्या वेळच्या पीटर्सबर्गच्या विद्वानांत होते. त्यांच्या संगतीतून ही संस्कृत संख्या मेंडेलीव्हपर्यंत आली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

१८७५ साली फ्रान्सच्या बुआबोद्राँला जस्ताच्या खनिजात नवा धातू मिळाला. त्याने नाव दिलं गॅलियम आणि घनता सांगितली ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं, की हा माझा एका-ॲल्युमिनियम, घनता ५.९ भरायला हवी, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा तोला. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिला होता, त्याला न पाहणारा माणूस चूक दाखवत होता. फ्रेंच गृहस्थाने पुन्हा शुद्ध करून मोजलं, घनता ५.९ निघाली. हा गॅलियम ३० अंश सेल्सिअसच्या जरा आधीच वितळतो. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी तो बाटलीत आपोआप पातळ होऊन बसेल.

१८७९ मध्ये स्वीडनमध्ये स्कँडियम सापडून एका-बोरॉनचं घर भरलं. १८८६ मध्ये जर्मनीच्या क्लेमेन्स विंकलरने चांदीच्या एका खनिजाचं विश्लेषण केलं, तर घटकांची बेरीज शंभर होईना. सुमारे सात टक्के माल हिशेबातच येत नव्हता. शोधता शोधता जर्मेनियम हाती आलं. मेंडेलीव्हने एका-सिलिकॉनबद्दल १८७१ मध्ये लिहिलं होतं: अणुभार ७२, रंग राखाडी, त्याचं क्लोराइड शंभर अंशांच्या आत उकळेल, त्या द्रवाची घनता १.९. प्रत्यक्षात मिळालं: अणुभार ७२.६, रंग राखाडी, उत्कलन ८६ अंशांना, घनता १.८८. यानंतर नकाशावर शंका घ्यायचं धाडस फारसं कुणी केलं नाही.

लोथार मायरचा हक्क इथं सांगायलाच हवा. त्याचीही सारणी जवळजवळ त्याच वेळी, तितकीच नेटकी होती. रॉयल सोसायटीने १८८२ चं डेव्ही पदक दोघांना वाटून दिलं. पण मायरने भाकितं करायचं टाळलं, मेंडेलीव्हने केली. लोकांच्या लक्षात तोच राहिला. नोबेलने मात्र त्याला हुलकावणी दिली. १९०६ साली समितीने त्याच्या नावाची शिफारस केली होती, ती अकादमीने डावलली आणि पारितोषिक फ्लोरीन सुटा करणाऱ्या आंरी म्वासाँला गेलं. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९०७ मध्ये, मेंडेलीव्ह वारला. हा फ्लोरीन आपल्या शहराला अनोळखी नाही. इथल्याच 'निर्लेप'च्या तव्याला डोसा चिकटत नाही, तो कर्ब आणि फ्लोरीनच्या घट्ट जोडीमुळे. खाली ॲल्युमिनियम, वर कर्ब-फ्लोरीनचा थर: तीन मूलद्रव्यांचा नकाशा रोज गॅसवर तापतो.

नकाशाला धक्का बसला तो एका अख्ख्या न पाहिलेल्या रांगेमुळे, आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या कोकणात आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रान्सचा जानसेन आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा नॉर्मन लॉकयर याने आपल्या देशातूनच, ग्रहणाविना, त्या ज्वाळा पाहिल्या. त्यांतली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी द्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव पडलं. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून हेलियम इथं सापडला असं सांगितलं जातं, १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिनही साजरा होतो. इतिहास जरा वेगळा आहे. लॉकयर विजयदुर्गला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. तोवर विल्यम रॅमसेने १८९५ साली हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनही दाखवला होता. त्याआधी, १८९४ मध्ये, रॅली आणि रॅमसे यांनी हवेतून आर्गॉन काढला होता. १८९८ संपेपर्यंत निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही आले.

कुणाशीच सोयरीक न करणारे हे राजवायू मेंडेलीव्हला सुरुवातीला पटेनात. आर्गॉन म्हणजे नायट्रोजनचेच तीन अणू जोडलेले असावेत, असं तो म्हणत राहिला. अखेर सारणीच्या कडेला त्यांच्यासाठी नवी रांग जोडली आणि बाकीचा नकाशा जराही न हलता सगळे बसले. पण आर्गॉनने जुनं कोडं पुन्हा समोर आणलं. त्याचा अणुभार ३९.९, पोटॅशियमचा ३९.१. वजनाने जायचं तर पोटॅशियम राजवायूंत आणि आर्गॉन सोडियमच्या रांगेत! टेल्युरियमच्या वेळी 'वजन चुकलं' म्हणता आलं. आता वजनं वारंवार तपासून बरोबर ठरली होती.

कोडं सोडवलं हेन्री मोझली या विशीतल्या इंग्रजाने. १९१३ आणि १९१४ मध्ये त्याने एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून निघणारे क्ष-किरण मोजले. मूलद्रव्य बदललं की त्या किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ ठरावीक पायरीने वाढे: एक घर, एक पायरी. पायरी म्हणजे केंद्रकातला धनभार, आपल्या शब्दांत प्रोटॉनांची संख्या. तोच अणुअंक. आर्गॉन १८, पोटॅशियम १९. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. अणुभार हा त्या घरातल्या सामानाचा तोल होता; घरनंबर निराळा होता. बहुतेक वेळा दोन्ही एकाच क्रमाने वाढतात, म्हणून मेंडेलीव्हचं निभावलं. आता कोणते प्लॉट मोकळे आहेत तेही नेमकं कळलं. ४३, ६१, ७५ हे नंबर मोझलीने रिकामे दाखवले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय २७.

या नंबरांनी जुन्या स्वप्नांचाही निकाल लावला. आपले रसशास्त्री आणि युरोपचे किमयागार पाऱ्याचं सोनं करू पाहत होते. सोनं ७९, पारा ८०. अंतर एका प्रोटॉनचं. पण ते केंद्रकात दडलेलं, मुशीतल्या आगीची धग तिथवर पोचत नाही. सराफ्यात शेजारी शेजारी मांडलेलं तांबं, चांदी आणि सोनं सारणीतही एकाच उभ्या रांगेत आहेत: २९, ४७, ७९.

मोकळे प्लॉट भरत गेले. ७५ नंबरचं ऱ्हेनियम १९२५ मध्ये सापडलं. ४३ नंबर निसर्गात मिळता मिळेना. १९३७ मध्ये ते प्रयोगशाळेतच तयार झालं, म्हणून टेक्नेशियम. मेंडेलीव्हचं हे एका-मँगनीज. आज हाडांच्या स्कॅनसाठी रुग्णाला जे टोचतात त्यात बहुधा हेच असतं. त्याचा किरणोत्सार सहा तासांत निम्मा होतो. १९४५ मध्ये ६१ भरला. २०१६ मध्ये शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावं मिळून ११८ पर्यंतची सात आडव्या ओळींची वसाहत पूर्ण झाली. १०१ नंबरला मेंडेलीव्हियम राहतो.

हे ज्ञान मराठीत यायलाही फार उशीर लागला नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक एकोणिसाव्या शतकातच मराठीतून रसायनशास्त्राची पुस्तकं लिहीत होते. आज मराठी नावांची खरी वहिवाट मात्र खताच्या दुकानात आहे. १०:२६:२६ ची गोणी मागणाऱ्या शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश समजावून सांगावं लागत नाही. यातले नत्र आणि स्फुरद एकाच उभ्या रांगेत, ७ आणि १५. त्याच रांगेत स्फुरदाच्या खाली ३३ नंबरला आर्सेनिक, म्हणजे सोमलातलं विष. शेजार उगाच नाही. दोघांचा स्वभाव इतका मिळताजुळता, की शरीर फॉस्फेट समजून आर्सेनिकाचं आर्सेनेट आत घेतं, आणि पेशीचा कारभार बिघडतो.

म्हणून औषधात आर्सेनिक किती चालेल याची हद्द ठरलेली आहे. चिकलठाण्यात वोक्हार्ट, ल्युपिन यांच्यासारख्या औषध कंपन्या आहेत. या धंद्यात आज २४ मूलद्रव्यांवर नजर ठेवावी लागते. अमेरिकेत हे नियम १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक झाले. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला आर्सेनिक १५ मायक्रोग्रॅम, शिसं ५ आणि कॅडमियम ५, याहून जास्त नको. इतकं बारीक मोजायला क्यूसी लॅबमध्ये आयसीपी-एमएस नावाचं यंत्र असतं. गोळीचा नमुना आम्लात विरघळवतात, त्याचा फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या ज्योतीत सोडतात, रेणूंचे तुकडे होऊन अणू विद्युतभारित होतात आणि यंत्र ते वजनानुसार वेगळे करतं.

वजनानुसार! म्हणजे जुनी चूक पुन्हा दारात उभी. आर्सेनिकच्या अणूचं वजन ७५. ज्योतीतला आर्गॉन ४०, आम्लातून आलेला क्लोरीन ३५. ज्योतीत हे दोघे जोडीने निघाले की वजन भरतं ७५, आणि यंत्र ते आर्सेनिक म्हणून मोजतं. औषधात विष नसतानाही आकडा चढतो. वजनावरून पत्ता ठरवला की कुणीही दुसऱ्याच्या घरात शिरू शकतो, हे मेंडेलीव्हला टेल्युरियमने आणि सगळ्यांना आर्गॉनने शिकवलं होतंच.

उपाय सोपा आहे. मोजणीच्या आधी वाटेत थोडा हेलियम सोडतात. आर्गॉन-क्लोरीनची जोडी अंगाने मोठी, ती हेलियमच्या अणूंवर जास्त वेळा आपटते, वेग गमावते आणि मागे पडते. आर्सेनिकचा अणू एकटा, लहान. तो धडका चुकवत पुढे जातो आणि तेवढाच मोजला जातो. ७५ वजनाचे दोघे असतात, ३३ नंबरचा एकच.